अडीच इंचाची खिडकी

रविवारी संध्याकाळी साताऱ्याच्या मोती चौकातल्या बांगड्यांच्या दुकानात उमाचा हात अडीचच्या बांगडीतून पार झाला आणि मला तिथं उभं राहवेना. तसं बघायला गेलं तर घडलं काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिच्या मावसबहिणीचं लग्न, म्हणून बायको बांगड्या भरायला बसलेली आणि मी पायरीवर चपला राखत उभा. दुकानातल्या म्हाताऱ्यानं तिचा हात हातात घेतला, एकदाच दाबला आणि म्हणाला, "अडीच लागंल." उमा म्हणाली, "मागं सव्वादोन जायची हो." "आता न्हाई जायाची. अंगठा आत घ्या वहिनी. हात सैल सोडा. हिकडं बघू नका, रस्त्याकडं बघा." आणि त्यानं तिच्या पंजाची हाडं अशी काही एकावर एक सरकवली, की पंधरा वर्षं माझ्या बघण्यातला तो भाकरी थापणारा रुंद पंजा बघता बघता निमुळता झाला. काच करंगळीपाशी जरा अडली, मग गपकन मनगटावर जाऊन बसली. उमा हसली. मला घाम फुटला. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "काय झालं साहेब, पाणी पायजे का?" मी मान हलवली आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

अडीच. कासाराच्या दुकानात अडीच म्हणजे बांगडीचं आतलं तोंड अडीच इंच. माझ्या ड्रॉइंगमध्ये अडीच म्हणजेही अडीचच इंच. इंच काय दोन प्रकारचे असतात? पण चार वर्षं हे दोन अडीच माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहिले होते आणि मधलं दार मीच लावून घेतलं होतं. मी कारखान्यात डिझायनर आहे. यंत्रांच्या तोंडाशी बसवायच्या गार्डची ड्रॉइंगं काढतो. माणसाचा हात जिथं जायला नको तिथं तो जाऊ नये, एवढंच माझं काम. पॉवर प्रेसचा गार्ड माझा. समोर जाड लोखंडी पत्रा, त्यात मधोमध एक गोल खिडकी. खिडकीतून लांब चिमटा घालायचा, खालच्या साच्यावर, म्हणजे डायवर, रुपयाएवढा पत्र्याचा तुकडा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, वरून घण येतो, तुकडा घडतो, चिमट्यानं बाहेर काढायचा. हात बाहेरच. खिडकीचा व्यास अडीच इंच. ह्या अडीच इंचावर मला सुरक्षा सप्ताहात प्रशस्तिपत्र मिळालेलं आहे, ते आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर लावलेलं आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसावं म्हणून खिळा मी दोनदा बदललेला आहे.

गुरुवारी आमच्या सांगलीच्या कारखान्यात ह्या खिडकीतून अंजना नावाच्या बाईचा उजवा हात आत गेला. चार बोटं गेली. शुक्रवारी मी तिथं जाऊन आलो. डॉक्टर जखम बघतो तशी मी खिडकी बघितली. माप घ्यायचा व्हर्निअर लावला, अडीच भरली, ना सूतभर कमी ना जास्त. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. डायखाली पुसलेल्या जागेवर अजून ओल होती, आणि मी मनात म्हणत होतो, ड्रॉइंगप्रमाणं आहे, सुटलो. आमचे वर्क्स मॅनेजर लालासाहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वडूजकर, तुमचं काम चोख आहे. बाईनंच आगाऊपणा केला. सोमवारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतायत, त्यांच्यापुढं एक सही करा, विषय संपला." जबाब टाइप करून तयारच होता. गार्ड योग्य मापाचा असून सर्वसाधारण कामगाराचा हात त्यातून जाऊ शकत नाही, कामगार महिलेने बळाचा वापर करून हात आत घातला. खाली माझं नाव. त्या सहीनं काय होणार हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. अंजना दोषी ठरणार, आणि मंगळवारी सकाळी तीनही प्रेस त्याच खिडक्यांनिशी सुरू होणार. राहिलेल्या एकवीस बायका त्यांच्यासमोर बसणार. बळाचा वापर हे शब्द शुक्रवारी मला खटकले नाहीत. रविवारी उमाच्या मनगटावर ती काच गपकन बसली तेव्हा खटकले, कारण बळ कुठंच लागलं नव्हतं.

रात्री जेवण गेलं नाही. उमा म्हणाली, "उद्या सांगलीला जायचंय म्हणून तोंड पाडून बसलाय का? तुमची चूक नाही म्हणताय ना?" मी हो म्हणालो. तिच्या हातातल्या नव्या बांगड्या ताट उचलताना वाजत होत्या आणि त्या आवाजाचा मला संताप येत होता. बिचारीचा काय दोष? पण माणूस स्वतःवर चिडला की घरात ज्याचा आवाज येईल त्याच्यावर खेकसतो. मी खेकसलो. ती ताट घेऊन आत गेली.

सोमवारी पहाटेच्या एसटीत खिडकीशी बसलो. कऱ्हाडपर्यंत डोळे मिटून होतो, झोप कसली येते. बिराप्पाचा हात दिसत होता. ब्याण्णव साली गार्ड करायचा ठरला तेव्हा साताऱ्याच्या आमच्या कारखान्यात प्रेसवर सगळे गडी होते, आणि त्यातले निम्मे पलटणीतनं निवृत्त होऊन आलेले. मी प्लायवूडच्या फळीला चार भोकं पाडली, पावणेतीनपासून उतरत्या मापाची, आणि जेवणाच्या सुट्टीत वीस जणांना रांगेत उभं केलं. घाला हात. बिराप्पा हवालदार सगळ्यात पुढं. त्याचा पंजा म्हणजे फावडं. "साहेब, ह्यात माजा अंगठाबी जायाचा न्हाई, लय तर बिडी जाईल," म्हणाला, आणि सगळे हसले. अडीचच्या भोकात वीसपैकी एकाचाही पंजा बोटांच्या मुळापुढं गेला नाही. मी वहीत लिहिलं, अडीच सुरक्षित. त्याहून लहान केली तर चिमटा फिरत नव्हता, म्हणून अडीच. किती शास्त्रशुद्ध वाटलं होतं तेव्हा! वीस माणसं मोजली होती मी. निम्मी पलटणीत हात कमावलेली, आणि वीसच्या वीस पुरुष. ड्रॉइंगवर मात्र मी लिहिलं, सर्व कामगारांसाठी. चौऱ्याण्णव साली तीन प्रेस सांगलीला हलवले आणि तिथं बायका भरल्या. बायकांचा हात हलका असतो, काम नाजूक होतं, असं लालासाहेब म्हणाले होते. हलका हात. तेव्हाही माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.

वाजलं नाही असं म्हणतोय, तेही खोटं. एसटी इस्लामपूरच्या स्टँडवर थांबली, बाहेर कुणी तरी भुईमुगाच्या शेंगा विकत होतं, आणि मला आप्पा दिसले. माझे वडील. कासार होते ते, वडूजचे. खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन खटाव तालुक्यातले बाजार करायचे. परक्या बाईचा हात धरायची मुभा गावात दोघांनाच, डॉक्टरला आणि कासाराला, आणि आप्पा ती मुभा देवपूजेसारखी पाळायचे. बाईच्या तोंडाकडं कधी बघायचे नाहीत. हात हातात घेतला की डोळे मिटल्यासारखे करून एक आकडा बोलायचे, आणि तो कधी चुकला नाही. "हाताला हाड न्हाई असं समजून धरायचं," ते मला सांगायचे, "म्हंजे बाईला दुखत न्हाई." बांगडी चुकून फुटली तर फुटली म्हणायचे नाहीत, वाढली म्हणायचे, आणि त्या बाईची दुसरी फुकट भरायचे. ह्या माणसाची मला लाज वाटायची. पॉलिटेक्निकला फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी काचेचा व्यापार लिहिलं. नोकरी लागल्यावर गॅझेटमध्ये नाव देऊन कासारचा वडूजकर झालो. आप्पांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गावाचं नाव लावलंस, चांगलं केलंस."

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते साताऱ्यात आमच्याकडं राहिले होते. ती भोकं पाडलेली फळी मी कौतुकानं घरी आणून ठेवली होती. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेले आप्पा फळीवरून बोटं फिरवत होते. अडीचच्या भोकाशी थांबले. "हे काय रं चिंतामण?" मी सांगितलं, मोठ्या रुबाबात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग अंगठा आत घेतला, पंजा सैल सोडला आणि स्वतःचा हात त्या भोकातून कोपरापर्यंत घातला. काही जोर नाही की काही नाही. "जातोय की रं," म्हणाले. "माजा जातोय तर बायकांचा तर कवाच जाईल." मी म्हणालो, "आप्पा, वीस जणांचे हात तपासलेत. आणि आमच्याकडं बायका नाहीत." "आज न्हाईत," ते म्हणाले. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. लालासाहेब आले होते, वडिलांची तब्येत विचारायला म्हणून. मी ती फळी आप्पांच्या हातातून ओढून घेतली आणि कपाटामागं सरकवली. लालासाहेब चहा पिताना म्हणाले, "काका, आपला व्यवसाय काय होता?" आप्पांनी माझ्याकडं बघितलं, पट्टी नसलेल्या डोळ्यानं. "व्यापार," म्हणाले. "काचंचा." पुढच्या वर्षी ते गेले. फळीचा विषय त्यांनीही पुन्हा काढला नाही, मीही नाही. मी विसरलो असं चार वर्षं मला वाटत होतं. विसरलो कसला, गाडून टाकलं होतं.

सांगलीत उतरल्यावर सरळ कारखान्यात जायचं होतं. मी दवाखान्यात गेलो. का गेलो, सांगता येत नाही. कदाचित तिनं मला चार शिव्या द्याव्यात अशी माझी इच्छा असेल, म्हणजे फिटाफीट झाली असती. तसलं काही झालं नाही. बायकांच्या वॉर्डात अंजना उशीला टेकून बसली होती. पंचविशीची असेल, वाळलेली, गालफडं वर आलेली. उजव्या हाताला पांढरं गाठोडं बांधल्यागत बँडेज. शेजारी तिची सासू साळूबाई फरशीवर बसून संत्रं सोलत होती. मी नाव सांगितलं तशी अंजना उठायलाच लागली. "बसा साहेब. आवं आत्या, ह्येंना स्टूल द्या की. ह्येच ते, गार्ड करणारं साहेब." आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "माजंच चुकलं साहेब. तुकडा डायला चिकटला हुता. चिमटा घसरत हुता नुसता. मागनं पोरी म्हणत हुत्या, आटप की गं. म्हणून घातला हात. पाय पेडलवर हाय ह्येचं ध्यानच ऱ्हायलं न्हाई." मी विचारलं, "हात घालताना अडला नाही का?" ती माझ्याकडं आश्चर्यानं बघायला लागली. "अडंल कशाला? आमी सगळ्याच घालतो. रोज धा-पाच येळा तरी घालायला लागतोय. बांगडी भरल्यागत केलं की जातो."

बांगडी भरल्यागत. तिनं डावा हात वर करून दाखवलंसुद्धा, अंगठा तळव्यात घेऊन. मनगटावर काच नव्हती, काळा दोरा होता. मशीनवर बांगड्या घालायच्या नाहीत ही नोटीस माझ्याच सहीची. साळूबाई खालूनच म्हणाली, "बांगड्या असत्या तर त्या लोकंडाला वाजल्या तरी असत्या. सवाष्णीच्या हातात दोरा बांधाय लावला तवाच माजा जीव घाबरला हुता." अंजना म्हणाली, "गप बसा हो आत्या, साहेबांचा काय दोष त्यात." मग ती त्या गाठोड्याकडं बघून, हसल्यासारखं करून म्हणाली, "सव्वादोन भरायची मी. तीबी कासार म्हणायचा, लय बारीक हात हाय पोरीचा. आता तर कुठलीबी जाईल, दाबायचं कामच न्हाई." साळूबाईच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. मी उठलो. काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक काळजी घ्या असलं काही तरी फालतू बोललो असेन. जिन्यात कठडा धरून उभा राहिलो आणि रडलो. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत म्हटलं.

कारखान्यात इन्स्पेक्टर येऊन बसले होते. उन्हातून आलेले, थकलेले, शांत गृहस्थ. लालासाहेबांनी मला बाजूला घेतलं. "कुठं होता इतका वेळ? सही करा आणि मोकळे व्हा. पुण्याच्या पोस्टसाठी तुमचं नाव कळवलंय मी, ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं. धमकी आणि आमिष एकाच वाक्यात घालायची हातोटी त्यांच्याकडं पहिल्यापासून आहे. आम्ही सगळे प्रेसपाशी गेलो. यंत्र बंद होतं, तरी मी वरचा मेन स्विच पाडलेला आहे ना ते दोनदा जाऊन बघितलं. बायका भिंतीकडंला उभ्या होत्या, पदर खोचलेल्या, एकमेकींना चिकटून. लालासाहेबांनी कोटाची बाही वर केली आणि आपला गुबगुबीत पंजा खिडकीत घालून दाखवला. बोटांच्या मुळाशी अडला. "बघा साहेब. तुम्हीही बघा घालून." इन्स्पेक्टरांनी घातला. अडला. "वडूजकर, तुम्ही?" मी घातला. आप्पांचा हात मला मिळालेला नाही, आईकडचा मिळालाय. माझाही अडला. इन्स्पेक्टरांनी मान डोलवली आणि पेनाचं टोपण काढलं.

जबाबाचा कागद माझ्यासमोर आला. मी तो वाचत राहिलो, तीच तीन वाक्यं. एकदा मनात आलं, करून टाकावी सही, आणि पुण्याला जाऊन नवा गार्ड काढावा, बारीक खिडकीचा, कुणाला काही न सांगता. खरंच आलं मनात. मग भिंतीकडं नजर गेली. त्या एकवीस जणी माझ्याकडं बघत नव्हत्या, कागदाकडं बघत होत्या. मी म्हणालो, "एक मिनिट." आणि कडेला उभ्या असलेल्या दीपमाला नावाच्या मुलीला म्हणालो, "इकडं ये. हात दे." ती घाबरून लालासाहेबांकडं बघायला लागली. "भिऊ नकोस. वीज बंद आहे. हात दे मला."

तिनं दिला. आणि तो हात हातात आल्याबरोबर माझे डोळे आपोआप खाली गेले. मी आयुष्यात कुणाला बांगडी भरलेली नाही. तरी माझ्या बोटांना सगळं येत होतं, कुठं धरायचं, अंगठ्याचं मूळ कसं आत घ्यायचं, करंगळीकडची बाजू कशी दुमडायची. "अंगठा आत घे," मी म्हणालो. "हात सैल सोड. इकडं बघू नको, दाराकडं बघ." आवाज माझा नव्हता, आप्पांचा होता. पंजा निमुळता झाला, मी तो खिडकीत धरला आणि सोडला. आत गेला. मनगट गेलं, कोपर पत्र्याला टेकलं. पलीकडं, घणाच्या बरोबर खाली, दीपमालाची पाच बोटं उघडली. इन्स्पेक्टर वाकून त्या बोटांकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काढ बाळ, हात बाहेर काढ."

"हे कुठं शिकलात?" त्यांनी मला विचारलं. लालासाहेबांचा चेहरा लाल झाला होता. मी म्हणालो, "मी कासाराचा मुलगा आहे. माझे वडील वडूजला बांगड्या भरायचे. ह्या भोकातून हात जातो हे त्यांनी मला चार वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. मी ऐकलं नाही. हे जबाबात लिहा." लालासाहेब दात आवळून म्हणाले, "वडूजकर, स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं करताय तुम्ही." बरोबर होतं त्यांचं. पुढं तसंच झालं, पुणं राहिलं, साताराही फार दिवस राहिला नाही. पण त्या घटकेला मला त्याचं काही वाटलं नाही, आणि मोकळंही वाटलं नाही. लोकांना वाटतं खरं बोललं की ओझं उतरतं. कुठं उतरतं? चार बोटं गेलेली होती ती गेलेलीच होती.

इन्स्पेक्टरांनी तिन्ही प्रेसना सील लावलं आणि नव्या गार्डसाठी इथल्या कामगारांची मापं घ्या म्हणून सांगितलं. मी व्हर्निअर काढला, पण त्याची गरज पडली नाही. दीपमालानंतर दुसरी पुढं आली, तिच्यामागं तिसरी, आणि काही न सांगता त्यांनी रांग धरली, बाजारात कासारापुढं धरतात तशी. मी एका स्टुलावर बसलो. एकेक हात हातात घेत गेलो. खरबरीत, घामेजलेले, पत्र्यानं चिरलेले, कुणाला गरम तेलाचा डाग, कुणाच्या नखात शेण. मी खाली बघत होतो आणि तोंडातून आकडा येत होता. अडीच. सव्वादोन. पावणेतीन. सव्वादोन. एक तर दोनची निघाली, मूठभर हात तिचा. सुपरवायझर नावापुढं लिहून घेत होता. आप्पा असते तर एवढ्यात दोनदा पाणी मागितलं असतं त्यांनी.

रांग संपली. सुपरवायझरनं हजेरीपटावर बोट फिरवलं आणि थांबला. "साहेब, बावीस नावं हायत. अंजनाचं काय लिहू?"

"सव्वादोन," मी म्हणालो.

तो घुटमळला. "पण साहेब, उजवा तर..."

"गेल्या बुधवारपर्यंतचं माप आहे," मी म्हणालो. "तसंच लिहा."